रविवारचं पुरे नाही

गेल्या महिन्यात काळेवाडीतल्या एका घरी गृहसभा होती. गीतं झाली, प्रार्थना झाली, चहा यायचा होता. तेवढ्यात विषय निघाला रोजच्या बायबलवाचनाचा, आणि मंडळीतले एक ज्येष्ठ दादा बोलले. त्यांचं म्हणणं असं: चाकणला बारा-बारा तास राबून येणाऱ्या पोरांच्या डोक्यावर आणखी हे ओझं कशाला? रविवारी पाळकसाहेब समजावून सांगतात तेवढं आठवडाभर पुरतं. बायबल पवित्र आहे, ते उपासनेत वाचावं. कंपनीच्या भानगडीत ते ओढू नये. दोन तरुणांनी माना डोलावल्या. तिसऱ्यानं मोबाइल पुढे केला. रोज सकाळी सहाला वचन येतं, ते आम्ही स्टेटसला ठेवतो, मग वाचन झालंच की, असं तो म्हणाला.

मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या घरात वाद नको म्हणून. ते गप्प बसणं मला तेव्हापासून टोचतंय. दादांबद्दल माझ्या मनात आदर आहे. शेवगाव तालुक्यातून एक पत्र्याची पेटी घेऊन ते पिंपरीत आले, पाळ्यांमध्ये तीस वर्षं काढली, आणि आमच्या मंडळीची पहिली उपासना त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत झाली. त्यांच्या शब्दाला वजन आहे, म्हणूनच तो चुकला की नुकसान मोठं होतं. त्या दिवशी बोलली गेलेली तीनही मतं मला चूक वाटतात: रविवार पुरतो हे, बायबल कंपनीत आणू नये हे, आणि मोबाइलवर आलेलं वचन म्हणजे वाचन हे.

आधी रविवारचं बघू. दादा, तुमच्या काळातल्या मोठ्या कारखान्यांचं मला माहीत नाही, पण आज या पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार लागले आणि भोसरी-चाकणच्या वाट्याला गुरुवार आला. गुरुवारी भोसरीच्या एमआयडीसीत शटर खाली असतात आणि रविवारी सकाळी नऊला, उपासनेची घंटा होते त्या वेळी, आपल्या मंडळीतली कितीतरी पोरं प्रेसवर नाहीतर असेंब्ली लाइनवर उभी असतात. पहिल्या पाळीला गेलेला माणूस तीनला सुटतो, चाकणच्या तळेगाव चौकातल्या गर्दीतून घरी पोचेपर्यंत साडेचार-पाच होतात. जो चारांतल्या तीन रविवारी उपासनेला येऊच शकत नाही, त्याला रविवारचं पुरेल असं म्हणणं म्हणजे महिन्यातून एकदा जेवून भागेल असं सांगणं आहे.

शिवाय रविवारची सुट्टी आपल्याला मिळाली ती कुणाच्या कष्टानं, हेही आपल्या पोरांना सांगायला हवं. मुंबईच्या गिरणीकामगारांना ती १० जून १८९० रोजी मिळाली, आणि ती मिळवली नारायण मेघाजी लोखंड्यांनी. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, आणि रविवार हा खंडोबाचा वार हेही त्यांच्या मागणीतलं एक कारण होतं. तोवर गिरणीतल्या ख्रिस्ती कामगारालाही हक्काचा रविवार नव्हता. पहिल्या शतकांतल्या मंडळीलाही नव्हता. रोमी साम्राज्यात रविवार विश्रांतीचा दिवस ठरला तो सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकमानं, ३२१ मध्ये. त्याआधीची पावणेतीनशे-तीनशे वर्षं ख्रिस्ती माणसं कामाच्या दिवशी, कामाआधी जमत होती. बिथुनियाचा सुभेदार प्लिनी यानं इसवी सन ११२ च्या सुमारास सम्राटाला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. तो कळवतो की ही माणसं ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र येतात आणि शपथ घेतात. कसली? चोरी करणार नाही, लूट करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी ठेवायला दिलेली रक्कम मागितल्यावर नाही म्हणणार नाही. त्यांचा छळ करणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखणीतून आलेली ही साक्ष आहे. त्या शपथेतली एकेक गोष्ट पाहा. सगळ्या बाजारातल्या, घरातल्या, व्यवहारातल्या आहेत. उपासनेतलं वचन उपासनेतच ठेवायचं, ही कल्पना त्या मंडळीला सुचलीसुद्धा नसती.

आता मोबाइलवरचं वचन. या मताबद्दल मी सावकाश लिहिणार आहे, कारण इथे फसगत गोड आहे.

रोज एक ओळ घेऊन दिवस सुरू करण्याची रीत काही वाईट माणसांनी काढलेली नाही. जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरेव्हियन मंडळीनं अशी वर्षभराची वचनं १७३१ सालासाठी पहिल्यांदा छापली. पण ती माणसं एकत्र राहत होती, एकत्र राबत होती, आणि ती ओळ हे त्यांचं अख्खं वाचन नव्हतं. आपल्याकडे वचनांची डबी आली, मग कॅलेंडर आलं, आता फोटोवर छापलेली ओळ येते. आणि या सगळ्यांत निवड कुणीतरी आधीच केलेली असते: अभिवचन तेवढं घेतलं, आज्ञा गाळली, आशीर्वाद ठेवला, झाडाझडती काढून टाकली. मजुरी थकवणाऱ्याला याकोबानं आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात जे सुनावलंय, ते आजवर मी कुणाच्या स्टेटसला पाहिलेलं नाही.

सगळ्यांत जास्त फिरणारं वचन यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातलं ११ वं. देवाच्या मनात तुमच्याविषयी भल्याचे विचार आहेत, अशा अर्थाचं. दहावीच्या निकालाच्या दिवशी ते फिरतं, मुलाखतीच्या दिवशी फिरतं, घराचं कर्ज मंजूर झालं की फिरतं. आता तोच अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. ते एक पत्र आहे. यरुशलेमहून उचलून बाबेलला नेलेल्या, गावाला पारख्या झालेल्या माणसांना लिहिलेलं. खोटे संदेष्टे त्यांना सांगत होते की दोन वर्षांत परत जाल. यिर्मया सांगतो, नाही, सत्तर वर्षं लागतील. तोवर तिथे घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला आणून टाकलंय त्या शहराचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. मग येतं ते ११ वं वचन.

मला सांगा, पिंपरी-चिंचवडच्या ख्रिस्ती माणसासाठी याहून जवळचा अध्याय कुठला? आपण सगळे कुठून ना कुठून आलेले. कुणी राहुरीचं, कुणी संगमनेरचं, कुणी जालन्याचं. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, बजाज आली, आणि दुष्काळी गावांतून माणसं इथे लोटली. चाळीस-पन्नास वर्षं झाली तरी आपण ‘गावाकडे जायचंय’ असंच म्हणतो आणि या शहराकडे पगाराच्या गावासारखं पाहतो. पवनेच्या पाण्यावर आलेला फेस, चौकातली गटारं, लेबर कॅम्पातल्या पत्र्याच्या खोल्या यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही असं वागतो. तो अध्याय नेमका याचबद्दल बोलतो. आणि आपण त्यातली एक गोड ओळ कापून घेतली, बाकीचं पत्र न उघडताच परत पाठवलं.

म्हणून माझा आग्रह रोज एक ओळ घेण्याचा नाही; ओळीनं, अध्यायामागून अध्याय वाचण्याचा आहे. जो अध्याय आला तो वाचायचा, आवडो न आवडो. यातलं मर्म मला पुस्तकातून कळलं नाही.

२०१० मध्ये मी चाकणजवळच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात लाइन सुपरवायझर होतो. १ जानेवारीला उत्पत्तीपासून रोज एक अध्याय असं वाचन सुरू केलं होतं. खिशात मावणारं बायबल, कंपनीची बस, मोशीपासून पुढची वीस मिनिटं. माझ्या लाइनवर अकरा कंत्राटी पोरं होती, बहुतेक मराठवाड्यातली, दोघं बिहारची. पाळी संपली तरी चार-चार तास थांबायची. त्यांच्या हजेरीच्या वह्या दोन होत्या. एकीत खरे तास, दुसरीत दाखवायचे तास. पैसे दुसरीवरून निघायचे. जादा कामाला दुप्पट दर हा १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनचा नियम आहे, आणि मला तो तोंडपाठ होता. दोन्ही वह्यांवर सही माझी असायची. मी रोज प्रार्थना करत होतो, दशांश देत होतो, रविवार मिळाला तर उपासनेला पहिल्या बाकावर असायचो. सहा वर्षं त्या सह्या केल्या आणि मला एकदाही झोप लागली नाही असं झालं नाही.

रोज एक या हिशेबानं उत्पत्तीपासून १७७ वा अध्याय म्हणजे अनुवाद २४. तो आला २६ जूनला. त्यात लिहिलंय की मजूर गरीब असेल तर त्याला नाडू नको, मग तो तुझा भाऊबंद असो की तुझ्या गावात राहणारा परका. त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. परका हा शब्द वाचला आणि मला बिहारची दोन पोरं दिसली. मी पुस्तक मिटलं. दुसरा दिवस रविवारचा होता, मी अर्थातच कामावर निघालो होतो, आणि अध्याय होता २५ वा. त्यात थैलीत दोन वजनं ठेवू नको अशी आज्ञा आहे, एक जड, एक हलकं. दोन वजनं. माझ्या टेबलाच्या खणात दोन वह्या होत्या.

हा अध्याय मी निवडला नव्हता. निवडायचा असता तर स्तोत्रसंहिताच उघडली असती. कुठल्या रविवारी, कुठल्या प्रवचनात मला हे ऐकायला मिळालं असतं? पाळकसाहेबांना माझ्या खणातल्या वह्या ठाऊक नव्हत्या, आणि मंडळीत लेबर कॉन्ट्रॅक्टर बसलेले असताना अनुवाद २४ वर बोलणं कुठल्याही पाळकाला सोपं नाही. मी सोमवारी मॅनेजरना सांगितलं की दुसऱ्या वहीवर मी सही करणार नाही. दोन महिन्यांत माझी बदली स्टोअरला झाली. चार पोरांना कॉन्ट्रॅक्टरनं फरक दिला. बाकीची तोवर पांगली होती, कुणी रांजणगावला, कुणी गावी. दोघांना मी शोधून काढलं आणि जमेल तेवढं माझ्या पगारातून दिलं. पाच जण मला कधीच सापडले नाहीत. त्यांचे तास माझ्या सहीनं बुडाले, हे खरं आहे आणि खरंच राहील.

म्हणून, दादा, ‘कंपनीत बायबल ओढू नका’ हे तुमचं वाक्य मला सहन होत नाही. बायबल आधीपासूनच कारखान्यात आहे. निर्गमाचा पाचवा अध्याय वाचा. फारो विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद करतो आणि विटांचा आकडा मात्र तोच ठेवतो. माल कमी, टार्गेट तेवढंच. आकडा भरला नाही म्हणून मार पडतो तो इस्राएल लोकांमधूनच नेमलेल्या नायकांना. वरून फटके, खालून शिव्या. ते फारोकडे दाद मागायला जातात तर तो त्यांनाच आळशी ठरवतो. आपल्या मंडळीतल्या किमान वीस जणांचं आयुष्य त्या एका अध्यायात आहे. त्यांना तो कधी कुणी वाचून दाखवला?

युनियनमधल्या माझ्या एका जुन्या मित्राचा आक्षेप अगदी उलट बाजूचा आहे, आणि त्यालाही उत्तर द्यायला हवं. तो म्हणतो, रोज बायबल वाचणारा कामगार मान खाली घालून काम करतो. तुमच्या पुस्तकातच लिहिलंय की दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं. लिहिलंय. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि मालकांच्या सोयीसाठी ते शतकानुशतकं वापरलं गेलं, हे मी नाकारत नाही. पण ते वापरता आलं कारण वाचणारा पाचव्या ओळीवर थांबला. नवव्या ओळीत पौल धन्यांकडे वळतो, धमकावणं सोडा म्हणतो, आणि तुमचा व त्यांचा धनी स्वर्गात एकच आहे, तो तोंड पाहून न्याय करत नाही, अशी आठवण देतो. कलस्सैकरांस पत्रात तर धन्यांना न्यायानं आणि समतेनं वागायला सांगितलंय. अर्धं वाचलेलं बायबल माणसाला वाकवतं, हे माझ्या मित्राचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावर उपाय वाचन बंद करणं हा मात्र नाही. पुढच्या चार ओळी वाचणं हा आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. हे मी हलक्यानं घेत नाही. तिसरी पाळी करून आलेल्या माणसाचे डोळे कसे असतात ते मी आरशात पाहिलंय. पण हिशेब मांडून बघा. बायबलचे अध्याय १,१८९. रोज एक घेतला तर सव्वातीन वर्षांत सगळं पुस्तक होतं. बहुतेक अध्यायांना चार-पाच मिनिटं लागतात. नाशिक फाट्यावरून बस सुटल्यापासून चाकणपर्यंत किती वेळ जातो, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि डोळे मिटत असतील तर ऐका. वाचून घेणं हीच तर मूळची रीत. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा चौकात उभा राहून वाचतो, लेवी अर्थ उलगडून सांगतात, लोक ऐकतात आणि रडतात. मग त्यांना काय सांगितलं जातं? घरी जा, चांगलंचुंगलं खा, आणि ज्याच्या घरी काही शिजलं नसेल त्याला वाटा पाठवा. त्याच दिवशी. वाचन आणि आचरण यांच्यामध्ये एका जेवणाचं अंतर.

वर्षभराच्या वाचनाचं जे वेळापत्रक आजही जगभर वापरलं जातं, ते कुठे तयार झालं हेही सांगतो. स्कॉटलंडमधलं डंडी, गिरण्यांचं शहर, साल १८४२. रॉबर्ट मरी मॅकशेन नावाच्या तरुण पाळकानं ते आपल्या मंडळीसाठी बनवलं: जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. पुढच्याच वर्षी तो २९ व्या वर्षी वारला. त्या वेळापत्रकाबरोबरच त्यानं धोकेही लिहून ठेवले होते, की हे कोरडं कर्मकांड होऊ शकतं, वाचणारा स्वतःला धार्मिक समजून फुगू शकतो. रोजच्या वाचनावर आपण जी टीका करतो ती त्यानं पहिल्याच दिवशी करून ठेवली होती, आणि तरी वेळापत्रक दिलं. गिरणीवाल्या माणसांना हे झेपणार नाही, असं त्याला वाटलं नाही.

आपल्या जिल्ह्यातही कुणाला तसं वाटलं नव्हतं. केडगाव चाकणहून लांब नाही. तिथे मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या बायामुलींना आधी वाचायला शिकवलं. त्या बाया शेतावर राबत, मागावर विणत, छापखान्यात खिळे जुळवत. त्यांना कळावं म्हणून रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत उतरवलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते पुस्तक मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आलं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेनं राबणाऱ्या बाईला पेलेल अशी भाषा शोधण्यात आपली विद्वत्ता खर्च केली. रविवारचं प्रवचन पुरतं असं तिला वाटलं असतं, तर हे कष्ट घ्यायचं कारण काय होतं?

आणि शेजारी तरी पाहा. आपल्या या कारखान्यांच्या एका बाजूला देहू आहे, दुसऱ्या बाजूला आळंदी. माझ्या लाइनवरचा एक वारकरी फिटर रोज हरिपाठ म्हणायचा, रात्रपाळी असली तरी. एकादशीला म्हटला की झालं, असं त्याला कधी कुणी सांगितलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारे नारायण वामन टिळक आपलेच. आगगाडीत एका अनोळखी साहेबानं दिलेला नवा करार त्यांनी उघडला, डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि पुस्तक खाली ठेवता येईना. त्यांनाही तो अध्याय कुणी निवडून दिला नव्हता. वाचता वाचता तो समोर आला.

दादा, पुढची गृहसभा माझ्या घरी आहे, गुरुवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे पोरांना सुट्टी असेल. मी अनुवाद २४ सबंध वाचणार आहे, एकही ओळ न गाळता. मंडळीतल्या ज्या बंधूंकडे कंत्राटी माणसं कामाला आहेत त्यांनाही बोलावणं धाडलंय. तुम्ही या, आणि नेहमीप्रमाणे सुरुवातीची प्रार्थना तुम्हीच करा.